गोजिराची चाल

"सेन्सेई, जपानी सिनेमातला तुमचा सगळ्यांत आवडता नट कोण?"

पुण्यात जपानी शिकवायला लागून मला १९ वर्षं झाली. दरवर्षी नव्या तुकडीतलं कुणी ना कुणी हा प्रश्न विचारतं. विचारणाऱ्याने उत्तरही मनात धरलेलं असतं, तोशिरो मिफुने. मी म्हणते, हारुओ नाकाजिमा. कुणी नाव ऐकलेलं नसतं. कुठल्या सिनेमात होते? १९५४ च्या 'गोजिरा'त. कोण झाले होते? गोजिराच. मग वर्गात हसू उमटतं, आणि ते ओसरलं की एखादी धीट मुलगी खरा प्रश्न विचारते: "पण ते तर रबरी सोंग होतं ना? आत कुणीही असतं तरी काय फरक पडला असता?"

तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांत याचं उत्तर देता येत नाही. आजवर मी दरवेळी अर्धवट काहीतरी सांगत आले. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

आधी नावाबद्दल. आपल्याकडे इंग्रजीतून आलेलं गॉडझिला हे नाव रुळलंय. जपानीत तो गोजिरा. गोरिला म्हणजे जपानीतला गोरिरा, आणि देवमासा म्हणजे कुजिरा. या दोहोंना सांधून ते नाव झालं. मराठी कानाला मात्र गोजिरा म्हटलं की न्हाऊमाखू घातलेलं लेकरू आठवतं. मला हा योगायोग फार आवडतो. पन्नास मीटर उंचीच्या, अख्खं शहर जाळणाऱ्या त्या प्राण्याबद्दल शेवटी जी माया वाटते, ती त्या मराठी शब्दात आधीच येऊन बसली आहे असं मला वाटतं.

माझं माहेर संगमेश्वर तालुक्यातलं. शिमग्यात आमच्या वाडीचं नमन, म्हणजे सोंगांचा नाच-गाण्यांचा खेळ, असायचं. मृदंगावर थाप पडायची आणि कधीतरी संकासुर उडी मारून पुढे यायचा. अंगभर काळा झगा, डोक्यावर उंच निमुळती टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरांचा पट्टा. चेहरा कुठूनही दिसत नसे. मी सहा-सात वर्षांची असताना त्याला बघून आईच्या पदराआड शिरले होते. तिथून फक्त त्याचे पाय दिसत होते, आणि डावं पाऊल पडताना जरासं बाहेर वळत होतं. तसं पाऊल आमच्या घरात एकाच माणसाचं होतं, माझ्या चुलतकाकाचं. तो लहानपणी आंब्यावरून पडला होता, त्याची ती खूण. काका मुंबईला गिरणीत होता आणि शिमग्याला न चुकता यायचा. मला त्याची ओळख पटली तरी भीती गेली नाही, हे मला आजही स्पष्ट आठवतं. समोर संकासुर होता आणि काकाही होता, दोघे एकदम.

पंधराएक वर्षांनी, कान तयार व्हावा म्हणून मी जपानी सिनेमे पाहायला लागले. त्यात 'गोजिरा' पाहिला. भाषेकडे लक्ष द्यायचं सोडून मी त्याच्या पायांकडे बघत बसले होते.

नाकाजिमासान, म्हणजे आपल्या भाषेत नाकाजिमाराव, १ जानेवारी १९२९ चे. जन्म यामागाता प्रांतातल्या साकाता या बंदराच्या गावी. युद्ध संपलं तेव्हा ते १६ वर्षांचे होते. पुढे ते तोहो या चित्रपट कंपनीत करारावर रुजू झाले, पण कुठल्या नटांमध्ये, हे महत्त्वाचं. जपानी स्टुडिओत 'ओओबेया' म्हणून एक शब्द होता. ओओबेया म्हणजे मोठी खोली. नावाजलेल्या नटांना स्वतंत्र खोल्या मिळत, उरलेले सगळे एका मोठ्या खोलीत कपडे बदलत. सकाळी शिपाई, दुपारी दरोडेखोर, संध्याकाळी बाजारातली गर्दी. घोड्यावरून पड, पाण्यात उडी घे, तलवारीचा वार खाऊन चिखलात लोळ. नाकाजिमासान त्या खोलीतले होते.

'सेव्हन सामुराई' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलाय. गावाची टेहळणी करायला तीन दरोडेखोर येतात. एकाला मिफुने जिवंत धरतो, बाकीचे क्यूझो या अबोल तलवारबाजाच्या हातून मरतात. त्या मरणाऱ्यांमधले एक नाकाजिमासान. तो चित्रपट एप्रिल १९५४ मध्ये लागला आणि 'गोजिरा' त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला. दोन्ही एकाच कंपनीचे. ताकाशी शिमुरा हे थोर नट एकात सामुराईंचे म्होरके आहेत आणि दुसऱ्यात गोजिराला मारू नका म्हणणारे वृद्ध शास्त्रज्ञ. मोठ्या नटांनी एका चित्रपटातून दुसऱ्यात जायचं, तसेच मोठ्या खोलीतले नटही जात, एवढंच की ते कुणाच्या लक्षात येत नसे.

नाकाजिमासानकडे लक्ष गेलं ते आगीमुळे. १९५३ मध्ये दिग्दर्शक इशिरो होन्दा यांनी अ‍ॅडमिरल यामामोतोंवर युद्धपट केला. त्यातली विशेष दृश्यं, म्हणजे स्पेशल इफेक्ट्स, एइजी त्सुबुराया यांची होती. अंगाला आग लागलेला माणूस हवा होता आणि ते काम नाकाजिमासाननी केलं. पुढच्या वर्षी हेच होन्दा आणि त्सुबुराया 'जी' अशा गुप्त नावाच्या चित्रपटाची तयारी करत होते. न घाबरणारा, दणकट, सांगितलेलं मुकाट्याने नीट करणारा माणूस त्यांना पाहिजे होता.

तोवर जपानमध्ये असली भूमिका जवळजवळ कुणी केली नव्हती. कुणाचं पाहून शिकावं, तर तसं कुणीच नव्हतं. त्सुबुरायांना किंग काँगचं १९३३ सालापासून वेड होतं. त्यात बाहुली एकेका चौकटीगणिक तसूभर हलवून चित्रीकरण केलंय. पण त्या पद्धतीने गोजिरा करायचा तर सात वर्षं लागतील, असा त्यांचा हिशोब होता आणि हाताशी काही महिने होते. म्हणून माणूस आत घालायचं ठरलं. त्सुबुरायांनी नाकाजिमासानना 'किंग काँग' दाखवला. पुढचं त्यांचं त्यांनी शोधलं. ते टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयात जाऊन बसायला लागले. हत्ती वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर कसं नेतो, अस्वल उभं राहिलं की खांद्याचं काय होतं, मान आधी वळते की धड, हे त्यांनी दिवसेंदिवस पाहिलं. तिथे जमलेले लोक प्राणी बघायला आलेले, आणि त्यांच्यात हा एक पंचविशीतला तरुण, प्राणी व्हायला आलेला. ते चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

पहिलं सोंग बनलं ते बांबू, तारेची जाळी आणि कापड यांच्या सांगाड्यावर रबराचे थर चढवून. वजन सुमारे १०० किलो, आणि वाकायला तयार नाही. कात्सुमी तेझुका हे दुसरे नटही या कामाला नेमले होते, ते नाकाजिमासानपेक्षा वयाने बरेच मोठे. दोघांनी चालून पाहिलं. नाकाजिमासान जेमतेम दहाएक मीटर गेले. ते सोंग रद्द झालं, पण फेकलं नाही. मधोमध कापून त्याचा खालचा भाग नुसत्या पायांच्या दृश्यांसाठी वापरला, कारण युद्धाला नऊच वर्षं झाली होती आणि माल असा टाकून देण्याजोगा नव्हता. दुसरं सोंग जरा हलकं केलं. त्यात तेझुकासानही काही वेळा शिरले, पण बहुतेक चित्रपटभर आत नाकाजिमासान आहेत. दिसायचं ते गळ्याशी ठेवलेल्या बारक्या भोकांतून.

इथे एक हिशोब सांगते, कारण त्याशिवाय त्या कामाची धग कळत नाही. गोजिरा ५० मीटरचा, सोंग २ मीटरचं, म्हणजे सगळं शहर २५ पट लहान करून बांधलेलं. आता २ मीटरवरून वीट पडली तर जमिनीवर यायला पाऊण सेकंदही लागत नाही. ५० मीटरवरून पडली तर तीन सेकंदांहून जास्त लागतात. साध्या वेगाने चित्रीकरण केलं तर इमारत खेळण्यासारखी टपकन पडते आणि सगळं हसं होतं. म्हणून कॅमेरा कित्येक पट वेगाने चालवायचा, मग पडद्यावर सगळं संथ आणि जड दिसतं. पण कॅमेरा वेगाने चालला की प्रत्येक चौकटीला प्रकाश कमी मिळतो. म्हणजे दिवे वाढवा. दिवे वाढवले की उष्णता वाढते. मुळात उन्हाळा, वरून दिव्यांची रांग, अंगावर जाड रबर, आजूबाजूला धुरासाठी पेटवलेल्या तेलकट चिंध्या. आत ६० अंशांपर्यंत तापायचं, असं नाकाजिमासान सांगत. काही मिनिटं काम झालं की मागची बाजू उघडून त्यांना बाहेर काढायचं आणि आतला घाम ओतून टाकायचा. कॅमेऱ्याच्या वेगामुळे संथ दिसणार म्हणून स्वतः संथ चालायची सोय नव्हती. पडद्यावर ज्या हालचालीचा डोंगर सरकल्यासारखा भास होतो, ती करताना त्या माणसाने त्या भट्टीत अंगातलं सगळं बळ लावलेलं असतं.

आणि तरी मी त्यांना अंगमेहनतीसाठी मानत नाही. उन्हात ओझी वाहणारी माणसं आपल्याकडेही आहेत आणि त्यांच्या कष्टांपुढे मी नतमस्तक आहे, पण त्याला अभिनय म्हणत नाहीत. अभिनय कुठे आहे ते बघा. गोजिरा रात्री दुसऱ्यांदा टोकियोत शिरतो. गिंझा भागात हात्तोरी इमारतीवरचं मोठं घड्याळ आहे, ते ठोके द्यायला लागतं. गोजिरा तो आवाज ऐकतो आणि वळतो. मान आधी, मग खांदे, शेवटी ते अवजड धड. मग घड्याळाचा चुराडा. दृश्य काही क्षणांचं आहे. पण त्या वळण्यात राग आहे, त्याआधी दचकणं आहे, आणि हे काय आहे ते न कळणंही आहे. अणुबाँबच्या चाचणीने समुद्रतळाशी झोपलेला प्राणी उठला, हे कथानक. त्याच वर्षी १ मार्चला बिकिनी बेटावर अमेरिकेने हायड्रोजन बाँब फोडला आणि 'दाईगो फुकुर्यू मारू' या मासेमारी नौकेवरची माणसं किरणोत्सारी राखेखाली सापडली. प्रेक्षक ती बातमी डोक्यात घेऊनच थिएटरात शिरले होते. त्यांच्यापुढे नुसता दुष्ट राक्षस नाचवला असता तर चार किंकाळ्या मिळाल्या असत्या. नाकाजिमासानचं म्हणणं होतं की वाटेत येईल ते मोडण्यापलीकडे ज्याला काही करताच येत नाही, अशा जिवाची व्यथा दिसली पाहिजे. चेहरा नाही, आवाजही नाही. आवाज अकिरा इफुकुबे या संगीतकारांनी तयार केला, राळ लावलेल्या चामडी हातमोज्याने डबल बासची तार ओढून. राहिलं फक्त अंग, आणि तेही रबरात कोंडलेलं. त्यांनी ती व्यथा पायांत आणि मानेत ठेवली.

त्यांची चाल नीट बघा. पाऊल उचललं जात नाही, जमिनीलगत पुढे सरकवलं जातं. एक पाय पूर्ण रुतल्याशिवाय दुसरा निघत नाही. मध्ये शेपूट ओढल्याची एक कळ लागते, तेवढा क्षण धड थांबतं आणि मग पुढे येतं. ही चाल मी आता झोपेतही ओळखेन.

पुढच्याच वर्षीच्या चित्रपटात ती नाही. १९५५ मध्ये दुसरा गोजिरापट आला, त्यात तेझुकासान अंगिरस नावाच्या काटेरी प्राण्याच्या सोंगात होते. एका कॅमेऱ्याचा वेग चुकून उलट, म्हणजे कमी ठेवला गेला, आणि दोन्ही प्राणी पडद्यावर मांजरांसारखे झटापट करताना दिसले. त्सुबुरायांना ते आवडलं आणि त्यांनी ठेवलं. माझं मत विचाराल तर मला तो भाग पाहवत नाही.

त्यानंतर नाकाजिमासान एका प्राण्यातून दुसऱ्यात जात राहिले. १९५६ मध्ये रादोन हा उडणारा प्राणी. तारांवर टांगून घेऊन नागासाकी प्रांतातल्या साइकाई पुलाच्या प्रतिकृतीवरून उडायचं होतं. तार तुटली आणि ते बऱ्याच उंचीवरून खालच्या उथळ पाण्यात कोसळले. पसरलेल्या पंखांनी आघात झेलला म्हणून वाचले. १९५८ मध्ये बारान. एका गाडीतल्या दारूचा स्फोट त्यांच्या पोटाखाली झाला आणि पोट भाजलं. १९६१ मध्ये मोसुरा या महाकाय पतंगाच्या अळीत, रांगेने उभ्या केलेल्या अनेक माणसांपैकी एक. १९६४ मध्ये पुन्हा गोजिरा होऊन नागोयाच्या किल्ल्यावर जाऊन आदळायचं होतं, पण प्रतिकृती इतकी पक्की बांधलेली की पडेना. शेवटी सहज ढासळेल अशी प्रतिकृती नव्याने बांधून ते दृश्य पुन्हा चित्रित करावं लागलं.

१९६२ च्या 'किंग काँग विरुद्ध गोजिरा'त काँगच्या सोंगात शोइची हिरोसे होते. मारामारी कशी करायची ते त्सुबुरायांनी या दोघांवर सोपवलं. टीव्हीवरच्या व्यावसायिक कुस्तीचं तेव्हा जपानला वेड लागलेलं, तेच डावपेच यांनी रबरात उतरवले. पोरांनी थिएटरं भरली. इथून गोजिरा हळूहळू माणसाळत गेला. १९६५ मध्ये तर तो एका गाजलेल्या विनोदी चित्रकथेतल्या पात्राची नक्कल करत उड्या मारतो. पुष्कळ जुन्या चाहत्यांना ते सहन होत नाही. मला पूर्वी होत नसे. आता मी त्या उडीकडे एवढ्यासाठी बघते की ती मारून खाली आल्यावर पुढचं पाऊल पुन्हा तसंच जड पडतं. गोष्ट लहान मुलांची झाली, पोशाखाचे डोळे दरवेळी मोठे आणि प्रेमळ होत गेले, पाय १९५४ चेच राहिले.

या सगळ्या काळात पोस्टरवर त्यांचा चेहरा नसे. त्सुबुरायांना स्टुडिओत सगळे 'ओयाजी' म्हणत. घरातल्या बापाला अर्ध्या धाकाने, अर्ध्या मायेने ज्या शब्दाने हाक मारतात तो हा शब्द. नाकाजिमासानना त्या ओयाजींचा विश्वास मिळाला होता. १९६६ मध्ये त्सुबुरायांच्या कंपनीने टीव्हीसाठी 'उल्ट्रामॅन' काढली, तेव्हा प्राण्यांनी कसं लढायचं हे शिकवायला नाकाजिमासान होते. त्यातल्या दहाव्या भागात जिरास नावाचा प्राणी आहे. तो म्हणजे गोजिराचंच जुनं सोंग, मानेभोवती मोठी झालर लावून वेगळं केलेलं. आत नाकाजिमासान. उल्ट्रामॅन लढता लढता ती झालर उपटून काढतो आणि क्षणभर समोर उघडा गोजिरा उभा राहतो. झालरीसकटही जपानी पोरांनी त्याला ओळखलं असणार याबद्दल मला शंका नाही. मी संकासुराला ओळखलं होतं.

२५ जानेवारी १९७० ला त्सुबुराया गेले. जपानी सिनेमा तोवर टीव्हीपुढे हरायला लागला होता आणि तोहोने करारावरच्या नटांची पद्धत गुंडाळली. मोठी खोली रिकामी झाली. नाकाजिमासानना कंपनीच्याच बोलिंग अ‍ॅलीत काम मिळालं. तिथून ते आणखी दोन वेळा सोंगात शिरले. शेवटचा चित्रपट १९७२ चा, गायगन या प्राण्याविरुद्धचा. अंगावर सोंग १९६८ चं. चार वर्षं आगीत, पाण्यात, मारामारीत वापरलेलं. थांबवून पाहिलंत तर त्या चित्रपटात लढताना गोजिराच्या अंगाचे तुकडे गळून पडताना दिसतात. नवीन सोंगाला पैसे नव्हते. ते ४३ वर्षांचे होते आणि गोजिरा म्हणून त्यांचा हा बारावा चित्रपट. मी तो वर्षातून एकदा बघते, आणि एकटीच बघते.

मग आत दुसरे आले. सगळ्यांत जास्त नाव झालं ते केनपाचिरो सात्सुमा यांचं. १९७१ मध्ये त्यांनी हेदोरा हा गटारगाळाचा प्राणी केला होता, म्हणजे नाकाजिमासानच्या गोजिराशी ते आतून लढलेले. १९८४ ते १९९५ या काळात तेच गोजिरा झाले. त्यांचा गोजिरा रागीट आहे, ताठ आहे, छाती पुढे काढून येतो. तो चांगला आहे, पण तो दुसरा आहे. दोघांची दृश्यं आवाज बंद करून शेजारी शेजारी लावा. सोंगाचं तोंड झाकलंत तरी आत कोण आहे ते दहा पावलांत कळतं. आमच्या वाडीत काका गेल्यावर त्याच झग्यात त्याचा थोरला मुलगा उभा राहिला. झगा तोच, टोपी तीच, घुंगरंही काकाचीच. पोरगा नाचला छान, वाडीने त्याचं कौतुकही केलं. मी मात्र त्याच्या पायांकडे बघून मुकाट्याने उठून ओटीवर जाऊन बसले. आत कुणीही असतं तरी काय फरक पडला असता, असं वर्गात कुणी विचारलं की मला ती ओटी आठवते.

२०१६ च्या गोजिरापटात रबरी सोंग नव्हतं, प्राणी संगणकावर बनवला होता. पण त्याला चाल द्यायला माणूस लागलाच. त्यांनी मान्साई नोमुरा यांना बोलावलं. नोमुरा हे क्योगेन या कित्येक शतकांच्या जुन्या नाट्यप्रकारातले घराणेदार नट. त्या परंपरेत 'सुरिआशी' असते, म्हणजे पाऊल न उचलता जमिनीला घासत पुढे नेणं. त्यांच्या हालचाली यंत्रांनी टिपल्या आणि त्या संगणकातल्या गोजिराच्या अंगात घातल्या. मी थिएटरात ती चाल बघत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे एक वर्तुळ पुरं होत होतं. मोठ्या खोलीतल्या एका नटाने प्राणिसंग्रहालयात बसून जे शोधलं, त्याच्या जवळ जायला साठ वर्षांनी एवढ्या मोठ्या परंपरेतल्या नटाला बोलवावं लागलं.

म्हातारपणी नाकाजिमासानना चाहते भेटले, ते आधी परदेशातले. अमेरिकेतल्या मेळाव्यांत त्यांच्या सहीसाठी रांगा लागायच्या. २०१० मध्ये त्यांनी आत्मचरित्र लिहिलं. ७ ऑगस्ट २०१७ रोजी, ८८ व्या वर्षी, न्यूमोनियाने ते गेले. त्यांना भेटायचं माझं राहून गेलं. नंतर टोकियोला गेले तेव्हा सेइजोगाकुएनमाए स्टेशनवर उतरून तोहोच्या स्टुडिओपर्यंत चालत गेले. आत सोडत नाहीत, त्याची गरजही नव्हती. बाहेरच्या एका भिंतीवर 'सेव्हन सामुराई'चं भलंमोठं चित्र आहे, आणि गोजिराचंही. दोन्हींत ते काम करून गेलेले. सामुराईंच्या चित्रात दरोडेखोर काढलेले नाहीत, आणि गोजिराच्या चित्रात आतला माणूस दिसत नाही. मी दोन्ही चित्रांना नमस्कार केला. शेजारून शाळेची मुलं चालली होती, ती थांबून माझ्याकडे बघायला लागली. त्यांना मी सांगितलं, नाकाजिमासानसाठी आले आहे. एकालाही नाव माहीत नव्हतं, पण गोजिराच्या आतले म्हटल्यावर त्यांतल्या सगळ्यांत छोट्याने लगेच पाय ओढत चालून दाखवलं. बरोबर तसंच.

आता तुम्ही पुढचा प्रश्न विचाराल, सुरुवात कुठून करू? पहिला 'गोजिरा' पाहाच, पण त्याआधी १९६६ चा सांदा आणि गायरा या दोन राक्षसांचा चित्रपट बघा. गायरा हिरवा, समुद्रातून येणारा, माणसं खाणारा. तो नाकाजिमासाननी केलाय. या सोंगांची एक गोष्ट वेगळी होती. मुखवट्यात काचेचे डोळे बसवले नाहीत, भोकं ठेवली, आणि नटाचे स्वतःचे डोळे कॅमेऱ्याला दिसू दिले. गायरा हानेदा विमानतळावर येतो. धुमाकूळ घालतो. आभाळ भरलेलं असतं तोवर त्याचं राज्य असतं, कारण त्याला उजेड सोसत नाही. मग ढग फाटतात आणि ऊन पडतं. तो हात वर करतो, चेहरा वळवतो, समुद्राकडे पळायला लागतो. तिथे थांबवा आणि त्याच्या डोळ्यांत बघा. ओले, मिचमिचे, घाबरलेले डोळे आहेत. ते हारुओ नाकाजिमांचे आहेत.